साडेतीन चौरस मीटर

जिन्याखाली सेक्रेटरी उपासन्यांनी पाटी लावली आहे:
"दातांची चौकशी वॉचमनकडे करू नये."
खाली कुणीतरी पेनाने लिहिलं, "मग कुणाकडे?"
त्यावर उपासन्यांची दुसरी पाटी:
"पाटीवर लिहू नये."

बिबवेवाडी, दुसरा मजला, पूर्वेचं स्वयंपाकघर.
मी कवळ्या करते.
डॉक्टर नाही. डॉक्टर माप घेतात,
पद्मावतीहून, सातारा रोडवरून
एक पोरगा स्टीलच्या डब्यात ठसे आणून देतो,
त्यांतून मी माणसाचं तोंड परत उभं करते,
आधी प्लास्टरमध्ये, मग मेणात,
शेवटी हिरडीच्या गुलाबी ॲक्रिलिकमध्ये.
डाव्या शेगडीवर दात उकळतात,
उजव्या शेगडीवर वरण.
बावीस वर्षांत एकदाही अदलाबदल झालेली नाही
हे मी लेखी द्यायला तयार आहे.

तक्रारीत मुद्दे तीन होते.
वास: खरा आहे. नेलपॉलिशच्या बाटलीत
घर बुडवल्यासारखा.
आवाज: थोडा.
आणि "सोसायटीच्या आवारात अनोळखी तोंडं".
अनोळखीच असणार.
दात गेलेला माणूस
बायकोलाही चार दिवस अनोळखीच वाटतो.

महापालिकेतून गावखडकर म्हणून गृहस्थ आले.
दारात चपला काढल्या.
मला बरं वाटलं,
दुकानात कोण चपला काढतं?
मग त्यांनी टेप काढली.

"व्यवसायाचा भाग कुठला?"
मी टेबल दाखवलं.
"आणि राहण्याचा?"
तेच टेबल. चारनंतर.
चारला ईरा शाळेतून येते,
मी ओल्या फडक्याने प्लास्टर पुसून घेते,
ती भूमिती पसरते.
पेन थांबलं.
फॉर्ममध्ये वेळेचा रकाना नव्हता.

"बाहेरचा कामगार?"
नाही.
"मोटार?"
मी सुरू करून दाखवली.
खालच्या मजल्यावर कुत्रा भुंकला.
"मिक्सरपेक्षा कमीच आहे,"
ते स्वतःशीच म्हणाले, आणि लिहिलं नाही.
"पाटी?"
आहे की. उपासन्यांची.

हसताना त्यांचा हात तोंडावर गेला,
पण मला दिसलं:
वर डावीकडे, सुळ्यामागचे दोन नाहीत.
जीभ दिवसभर तिथेच जात असणार.
मी बोलले नाही.
ते माझी जागा मोजत होते,
मी त्यांची.

खिडकीत कोथिंबिरीच्या कुंडीशेजारी
अकरा जबडे वाळत होते.
गावखडकर मोजायला लागले, पाचावर थांबले.
यांना माल धरायचं की रहिवासी
असं काहीतरी विचारायचं असावं त्यांना.
पाणी पिऊन गेले.

दीड महिन्याने पत्र.
साडेतीन चौरस मीटर, इतर वापर.
मुहूर्तांइतकीच मोजकी जागा.
तिला कर निराळा,
बाहेर पाटी नको, मोरीत प्लास्टर नको,
सातनंतर मोटार नको.
सोबत नकाशा:
आमचं सगळं घर पिवळं
आणि टेबलाभोवती एक निळा चौकोन.

ईराने तो फरशीवर खडूने काढला,
माप घेऊन, कोनमापकाने कोन तपासून.
रात्री पानं वाढली तेव्हा म्हणाली,
"बाबा, तुम्ही निळ्यात बसलाय.
वरणावर कर लागेल."
हे मुकाट एक फरशी सरकले,
ताट घेऊन.
मी मात्र तिथेच बसले,
कंबर दुखत होती.

साडेनऊला बेल.
कुणी एक कासार आजोबा,
रुमालात कवळी, मधोमध दोन तुकडे,
सकाळी नातीचा साखरपुडा.
जिने चढून धाप लागलेली,
शब्द ओठांतून निसटत होते.
पत्ता कुणी दिला, मी विचारलं.
वॉचमनने काही सांगितलं नाही, म्हणाले,
त्याला मनाई आहे ना.
त्याने फक्त वर बोट केलं.

मोटार नको, कानस चालेल.
मी टेबलावरची ईराची वही उचलली.